घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस आणि डिस्क रिपेअर विकत घ्यायची गरज आहे का?

मंगळवारपेठ_मास्तर

नमस्कार मंडळी. शाळेतून निवृत्त झालोय, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. घरी डेस्कटॉप आहे: विंडोज १०, चौथ्या पिढीचा आय-थ्री, एक टीबीची हार्डडिस्क. पेन्शनचं बँक खातं, मेल, नातवाचे शाळेचे प्रोजेक्ट आणि थोडं मराठी टायपिंग, एवढाच वापर. फोटो मात्र भरपूर आहेत. वडिलांचे जुने अल्बम स्कॅन करून ठेवलेत, मुलीच्या लग्नाच्या सीड्या त्यातच उतरवल्यात.

अँटीव्हायरसची की या महिन्यात संपते. दुकानात गेलो तर त्यांनी नव्या कीबरोबर आणखी एक पॅक सुचवला. त्यात डिस्क रिपेअर, रजिस्ट्री क्लीनर आणि पीसी ऑप्टिमायझर असं सगळं एकत्र आहे. मशीन हल्ली फार हळू झालंय म्हणून. सुरू करताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासत असल्याचं येतं आणि टक्केवारी सरकत राहते. कधीकधी फोटो उघडताना सीपीयूच्या डब्यातून टक टक आवाज येतो आणि सगळं थोडा वेळ थांबतं.

हा व्हायरस असेल का? दोन्ही घ्यावं, एकच घ्यावं की काहीच नको? पैशाचा प्रश्न आहेच, पण फोटो जाता कामा नयेत.

शाहूपुरीकर

मास्तर, अँटीव्हायरस विकत घेऊ नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. विकतचा काढला की तो आपोआप चालू होतो. तुमच्या वापराला तेवढा पुरतो. रजिस्ट्री क्लीनरला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी पुसणाऱ्या प्रोग्रामला, तर हातच लावू नका, त्यानं मशीन वेगवान होत नाही आणि चुकीची नोंद उडाली तर चालू प्रोग्राम बंद पडतात.

राजारामपुरी_हार्डवेअर

मास्तर, अँटीव्हायरसचं नंतर बघू. तो टक टक आवाज वाचला आणि लगेच लिहायला बसलो.

मशीन आत्ता चालू असेल तर काय करू नका: स्कॅन लावू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका, काळ्या पडद्यावरचं तपासणं सुरू झालं तर पहिल्या काही सेकंदात कुठलंही बटन दाबून ते रद्द करा. दुकानातला रिपेअर पॅक तर अजिबात टाकू नका. ही डिस्क जायच्या वाटेवर आहे असं धरून चला.

हार्डडिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावर केसापेक्षा कमी अंतरावर हेड तरंगत असतं. हेडला जागा वाचता आली नाही की ते मागं जातं, परत येतं, परत प्रयत्न करतं. तोच तुमचा टक टक. या आवाजाला कुठलंही सॉफ्टवेअर औषध नाही. रिपेअरवाले प्रोग्राम काय करतात, तर संपूर्ण डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचायला लावतात. एक टीबी वाचायला धडधाकट डिस्कलाही काही तास लागतात. आजारी डिस्कला एवढं पळवलं तर जे फोटो आज निघाले असते ते उद्या निघत नाहीत. माझ्याकडं गिऱ्हाईक येतात ते बहुतेक वेळा हे सगळं करून झाल्यावर येतात, तेव्हा हातात काय राहिलेलं नसतं.

क्रम सांगतो. आधी वडिलांचे स्कॅन, कारण ते परत मिळणार नाहीत. मग लग्नाचे फोटो. व्हिडिओ शेवटी. विंडोज, प्रोग्राम यातलं काहीही कॉपी करायची गरज नाही. एक नवी बाहेरची यूएसबी डिस्क घ्या आणि त्यावर उतरवा. आज रात्रीच करा.

गडहिंग्लजकर

इतकं घाबरवू नका हो मास्तरांना. माझ्याही मशीनला सुरू होताना असंच तपासणं यायचं. चेकडिस्क, म्हणजे तेच तपासणं, पूर्ण चालू दिलं, सगळं व्यवस्थित झालं. विंडोजमध्ये फुकट आहे, पॅक घ्यायचीही गरज नाही.

राजारामपुरी_हार्डवेअर

गडहिंग्लजकर, तुमचं बरोबर असणार, फक्त तुमचा आजार वेगळा होता. तुमच्याकडं लाईट जाऊन मशीन मध्येच बंद पडलं असेल. तेव्हा विंडोज डिस्कवर एक खूण करून ठेवतं, की काम अर्धवट राहिलंय, पुढच्या वेळी तपास. ते फाइलींच्या नोंदींचं बिघडणं झालं आणि ते चेकडिस्क खरंच दुरुस्त करतं. मास्तरांच्यात टक टक आहे आणि फाइल उघडताना मशीन थांबतंय. तिथं तपासणं वारंवार येतं कारण खालची जागाच वाचता येत नाही.

चेकडिस्कचा उद्देश फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याच्या नोंदी, सुसंगत करणं हा आहे. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही. एखादी नोंद जुळत नसेल तर ती कापून टाकतं आणि तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये नंबर घालून ठेवतं. फोटोचं नाव गेलं, फोल्डर गेला. म्हणून आधी कॉपी, मग चेकडिस्क. हा क्रम उलटा करू नये.

मंगळवारपेठ_मास्तर

वाचून मशीन बंद केलं आहे. उद्या सकाळी बाहेरची डिस्क आणतो. एक विचारतो: कॉपी करताना एका फाइलीवर अडकलं आणि पुढं सरकलंच नाही तर काय करायचं? मागे असं झालं होतं, अर्धा दिवस तसंच राहिलं.

टिंबर_मार्केट_लिनक्स

मास्तर, साध्या कॉपी-पेस्टनं खराब डिस्कवर हाच त्रास होतो. दोन मार्ग आहेत.

पहिला, विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड. ती वाचता न येणारी फाइल सोडून पुढं जाते. मात्र एक गोष्ट नीट बघा: तिची मूळ सेटिंग एका फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करायची आणि दर वेळी तीस सेकंद थांबायची आहे. म्हणून पुन्हा प्रयत्नाचा आकडा शून्य आणि थांबण्याचा आकडाही शून्य द्यायलाच लागतो. नाहीतर तीही अडकून बसेल आणि बिचाऱ्या डिस्कला मारत राहील.

दुसरा मार्ग डीडीरेस्क्यू. हे फुकट आहे, लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून वापरायचं. ते आधी सोप्या जागा पटपट वाचून घेतं, अवघड जागा शेवटी ठेवतं आणि कुठपर्यंत झालं याची नोंद फाइलीत ठेवतं. मध्ये बंद पडलं तर तिथूनच पुढं. डिस्क वाचवण्यासाठी काही चालवायचंच असेल तर हे चालवावं. यात ‘दुरुस्ती’ काही होत नाही, खराब डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. फक्त प्रत काढली जाते.

डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा मशीनचा सेटिंगचा पडदा) दिसायचीच बंद झाली, किंवा सुरू करताच सतत टक टक लागली, तर तिथं थांबा. मग डेटा रिकव्हरीच्या लॅबचं काम, आणि त्याचा खर्च हजारांत जातो. डिस्क घरी उघडून बघायची नाही, बारीक धुळीचा कणही हेडला पुरतो.

विद्यापीठरोड_अनुजा

मास्तर, डिस्कची खरी अवस्था बघायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे. काहीही दुरुस्त करत नाही, डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद फक्त वाचून दाखवतो. या नोंदीला स्मार्ट म्हणतात. तुम्ही मात्र फोटो निघाल्यावरच तो चालवा.

तीन ओळी बघायच्या. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झालेले आणि त्यांच्या जागी राखीव जागा दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निर्णय झालेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे वाचता आलेच नाहीत असे. तिन्ही शून्य असतील तर बरं. ०५ मध्ये लहान आकडा असेल आणि महिनोन्‌महिने तेवढाच राहिला तर डिस्क बराच काळ चालू शकते. सी५ वाढत चालला तर बदलायचीच. हे आकडे तिथं मुळात हेक्सामध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात, त्यामुळे १० दिसलं तर ते सोळा असतात. सेटिंगमध्ये दशमान करून घेता येतं.

आणखी एक ओळ सी७. ती वाढत असेल आणि बाकीच्या शून्य असतील तर बहुतेक डिस्कचा दोष नसतो, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल स्वस्तात मिळते. अशा वेळी नवी डिस्क विकत घ्यायची घाई करू नये.

जुना_डॉसवाला

डिस्क रिपेअर विकत घेणं ही सवय कुठून आली हे सांगतो, कारण ती एके काळी योग्यच होती.

नॉर्टन युटिलिटीज हा विकतच्या प्रोग्रामांचा संच १९८२ चा. नंतर त्यात डिस्क डॉक्टर आलं आणि खरंच कामाचं होतं, कारण तेव्हा आपण सगळे डिस्कवर फाइलींच्या नोंदी ठेवायच्या फॅट या पद्धतीवर होतो. लाईट गेली की नोंदी विस्कटायच्या, एका फाइलीचा शेपूट दुसऱ्या फाइलीला जोडला जायचा. एमएस-डॉस ६.२ मध्ये, १९९३ ला, मायक्रोसॉफ्टनं स्कॅनडिस्क फुकट दिलं, तरी नॉर्टन जास्त सांभाळून काम करायचं म्हणून लोक घ्यायचे. कोल्हापुरात तेव्हा लाईट जाणं रोजचं होतं, आणि यूपीएस मोजक्या ऑफिसात.

मग एनटीएफएस ही नवी पद्धत आली. घराघरात पोचली ती २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. ही पद्धत कुठलाही बदल करण्याआधी तो एका वहीत लिहून ठेवते. लाईट गेली तर पुढच्या वेळी वही वाचून अर्धवट काम पुरं करते किंवा रद्द करते. डिस्क रिपेअरच्या धंद्याचं अर्धं कारण इथंच संपलं. उरलेलं अर्धं खुद्द डिस्क बनवणाऱ्यांनी संपवलं: खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर द्यायचं काम आता डिस्कच्या आतला कंट्रोलर स्वतः करतो. बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर त्याला जास्तीत जास्त ‘इथं लिहून बघ’ असं सांगू शकतं. तबकडीवरचा चरा बुजवणारा प्रोग्राम आजवर कुणी लिहिलेला नाही आणि लिहिता येणार नाही.

डीफ्रॅगचंही तेच. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ते ठरलेल्या वेळी आपलं आपण करतं. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर विंडोज ८ पासून त्या ठरलेल्या वेळी ती ओळखून ट्रिमचा, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करायचा, आदेश देतं. एसएसडीवर वेगळं डीफ्रॅग चालवून काही मिळत नाही, उलट लिहिण्याचं आयुष्य खर्च होतं.

एवढी सगळी सोय मशीनमध्ये आलेली असताना आजही त्याच कामाचा पॅक वयस्कर माणसाला विकला जातो, याचं वाईट वाटतं.

डीटीपी_ताई_महाद्वार

अँटीव्हायरस नको म्हणणाऱ्यांना एक सांगते. मी घरून डीटीपीचं काम करते, पत्रिका आणि पावती पुस्तकं. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि ते झेरॉक्सच्या दुकानातनं, कॉलेजमधनं फिरून आलेले असतात. फोल्डर गायब होतात आणि त्या नावाचे शॉर्टकट दिसतात, हा प्रकार अजून संपलेला नाही. माझं जुनं मशीन विंडोज ७ वर आहे, कारण पेजमेकर आणि जुने फॉन्ट त्यावरच नीट चालतात. मला विकतचा अँटीव्हायरस लागतोच. सगळ्यांचा वापर मास्तरांसारखा नसतो.

शाहूपुरीकर

ताई, तुमचं बरोबर आहे. विंडोज ७ मध्ये डिफेंडर नावाचं जे होतं ते फक्त स्पायवेअरपुरतं होतं, पूर्ण अँटीव्हायरस नव्हता. माझं म्हणणं विंडोज १० आणि ११ पुरतं धरा.

आणखी एक तुमच्या बाजूचं सांगतो. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था अँटीव्हायरसची चाचणी घेते. त्यांच्या निकालांत डिफेंडर इंटरनेट चालू असताना चांगला असतो, पण इंटरनेट बंद केलं की त्याचं ओळखण्याचं प्रमाण बऱ्याच विकतच्या अँटीव्हायरसपेक्षा कमी पडतं, कारण तो क्लाउडवर बराच अवलंबून आहे. पेनड्राइव्ह सतत लागतात आणि नेट नाही, अशा मशीनला दुसरा अँटीव्हायरस घेणं समजण्यासारखं आहे.

टिंबर_मार्केट_लिनक्स

ताई, विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर सापडलेली भोकं घरगुती मशीनवर उघडीच आहेत, आणि अँटीव्हायरस भोक बुजवत नाही, आत आलेल्याला ओळखायचा प्रयत्न करतो. मे २०१७ मधलं वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवा. मायक्रोसॉफ्टनं भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते ती मशीनं गेली, आणि त्यातली बहुतेक विंडोज ७ ची होती. कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, नेटवर्कमधून आपोआप शिरत होतं.

तुमच्यासाठी सुचवतो: जुनं मशीन नेटपासून पूर्ण तोडा, केबलही काढा आणि वायफायही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर लावून लागणारी फाइल तेवढी घ्या, मग तुमच्याच पेनड्राइव्हनं जुन्या मशीनवर न्या. शॉर्टकटच्या प्रकारात मूळ फोल्डर बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरच लपवलेले असतात. अ‍ॅट्रिब कमांडनं लपवल्याची खूण काढली की परत दिसतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायची घाई गिऱ्हाइकाला करू देऊ नका.

डीटीपी_ताई_महाद्वार

नेट तोडायचं जमेल. मेल नव्या लॅपटॉपवरच बघते. धन्यवाद.

कागल_इंजिनिअरिंग

मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या रूमवर घडलेलं सांगतो, कारण अँटीव्हायरस होता की नव्हता याला त्यात अर्थच राहिला नाही. मित्रानं व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची प्रत, उतरवला. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ होती, की अँटीव्हायरस बंद करा. त्यानं केला. थोड्या वेळानं सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार अक्षरांची शेपटी लागली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. त्यात ९८० डॉलरची मागणी, ७२ तासांत बोललात तर निम्मे. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. प्रोजेक्टचा रिपोर्ट गेला. बॅकअपची हार्डडिस्क मशीनलाच लावलेली होती, तीही गेली.

टिंबर_मार्केट_लिनक्स

कागल, तुमच्या मित्राला सांगा, गेलेल्या फाइली पुसू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीनं याच्या जुन्या प्रकारांसाठी फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्राम, दिला. नव्या प्रकारांत प्रत्येक मशीनची की वेगळी असते, ती मोडता येत नाही. पण हल्ल्याच्या वेळी व्हायरसला त्यांच्या सर्व्हरशी जोडता आलं नसेल तर तो ठरलेली ऑफलाइन की वापरतो, आणि ती कधी उघड झाली तर फाइली सुटतात. युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ ला सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या साइटवर नमुना टाकून बघा.

दुसरं, हा व्हायरस फाइलीचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतो. छोटी वर्ड फाइल पूर्ण जाते, पण मोठ्या व्हिडिओचा बाकीचा भाग शाबूत असतो आणि काही वेळा दुरुस्त होतो.

पैसे भरू नका. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात, हे मास्तरांनाही लागू.

पन्हाळा_बँकर

मी बँकेत आहे. मास्तर, पेन्शनचं खातं त्याच मशीनवर बघता म्हणून लिहिते. गेल्या काही वर्षांत काउंटरवर ज्येष्ठ लोक रडवेले होऊन येतात, त्यात व्हायरसनं पैसे गेलेले फार थोडे. फोनवर कुणी बँकेचा, कुरिअरचा किंवा पोलिसांचा माणूस म्हणून बोलतो, स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि माणूस स्वतःच्या हातानं ओटीपी देतो. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. स्क्रीन दाखवणारं ते अ‍ॅप अधिकृतच असतं, आणि आलेल्या माणसाला आत तुम्हीच घेतलेलं असतं. अँटीव्हायरस तिथं काय अडवणार?

असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. पहिल्या तासाभरात कळलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. मुलाला विचारतो, उद्या बघतो, असं म्हणत थांबू नका. हा नंबर कॉम्प्युटरजवळ कागदावर लिहून चिकटवा.

पुण्यातला_कोल्हापुरी

विकतच्या अँटीव्हायरसची बाजू कुणीतरी मांडायला हवी. आईबाबा राजारामपुरीत, मी पुण्यात. बाबांच्या मशीनला मी दरवर्षी की घेतो, ते व्हायरसपेक्षा फोनवरच्या मदतीसाठी. बाबांना काही अडलं तर कंपनीचा माणूस मराठीत बोलतो, दुरून बघून सांगतो. मला मीटिंगमधून उठता येत नाही. माझ्या दृष्टीनं ती रक्कम वसूल आहे.

शाहूपुरीकर

हे पटतं. मदतीसाठी घेताय हे स्पष्ट असेल तर जरूर घ्या. फक्त पन्हाळा_बँकर ताईंनी लिहिलंय त्यामुळे एक जोड द्यावी: बाबांनी कंपनीला फोन करायचा, तोही खोक्यावरच्या नंबरवर. कंपनीचा म्हणून आलेला फोन उचलून मशीन कधीच दाखवायचं नाही.

फुकटच्या क्लीनरबद्दलही सावध राहा. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच घुसखोरांनी मालवेअर घातलं होतं, आणि ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून वाटलं गेलं. अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या उपकंपनीकडून वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचं जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलं, आणि २०२४ ला अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकसंरक्षण संस्थेनं त्यांना १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. मशीनच्या मुळापर्यंत हात असलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर हा एक वाढीव दरवाजा असतो. गरज नसेल तर तो बसवू नये.

पंचगंगा_घाट

डिस्कचं बोलताय तर पुराचंही घ्या. २०१९ आणि २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पाणी आलं. सीपीयूचा डबा नेहमीप्रमाणं टेबलाखाली. पाण्यातून काढलेली डिस्क लोक उन्हात वाळवतात आणि ‘चालते का बघूया’ म्हणून करंट देतात. तसं करू नये. आत गाळ असेल तर फिरताच तबकडी खरवडली जाते. वाळू न देता ओलसर कापडात, पिशवीत घालून तशीच लॅबमध्ये पाठवावी, कारण वाळलेला गाळ तबकडीला चिकटून बसतो.

आता आमच्याकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आली की आधी बॅकअपची डिस्क आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर जातात. धोक्याच्या ४३ फुटांची वाट बघत नाही. फोटोंची आणखी एक प्रत बहिणीकडं गारगोटीला आहे.

आणि छोटा का होईना, यूपीएस घ्या. रिपेअर पॅकच्या पैशात थोडी भर घातली की येतो.

मंगळवारपेठ_मास्तर

मंडळी, आधी कृतज्ञता. बाहेरची डिस्क आणली. भाच्यानं शेजारी बसून रोबोकॉपी लावली, शून्य-शून्य आकडे देऊन. वडिलांचे सगळे स्कॅन आले. लग्नातल्या काही फाइली वाचता आल्या नाहीत, पण त्यांच्या मूळ सीड्या मुलीकडं आहेत असं कळलं. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो बघितलं: पिवळा रंग, ‘कॉशन’ म्हणजे सावधान, आणि सी५ च्या ओळीत मोठा आकडा. सकाळी आणि दुपारी बघितला तर दुपारी वाढलेला. पॅक घेणार नाही हे दुकानात सांगून आलो, त्यांनीही ऐकून घेतलं.

आता नवी डिस्क. एसएसडी घ्यावी का? आणि नातवाला नवा लॅपटॉप घेतोय, तिथंही अँटीव्हायरस नकोच ना? विंडोज १० बंद झालं असंही सगळे म्हणतात.

राजारामपुरी_हार्डवेअर

फोटो आले, बास. मोठं काम झालं मास्तर.

अडीच इंची साटा एसएसडी घ्या. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीलाही ती चालते, आणि मशीन हळू होतं त्याचं बरंचसं कारण ती आजारी डिस्कच होती. फक्त एसएसडीचा स्वभाव वेगळा: ती टक टक करत नाही, न सांगता एकदम जाते. चुकून पुसलेला फोटोही ट्रिममुळं सहसा परत मिळत नाही. त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायचं बंद करू नका. जुनी डिस्क टाकू किंवा विकू नका, कपाटात ठेवा. न वाचलेल्या फाइलींसाठी कधी लॅबला द्यावीशी वाटली तर असू दे.

टिंबर_मार्केट_लिनक्स

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, ती नोंदणी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून करायची. डिफेंडरला व्हायरसची ओळख पुरवणं ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहील असंही सांगितलंय. पण ताईंना लिहिलं तेच इथं: विंडोजचे पॅच थांबले की नुसत्या ओळखीवर भागत नाही. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. आधार संपल्यावर त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाका. मेल, बँक, युनिकोड मराठी सगळं चालतं. भाच्याला अडचण आली तर मी टिंबर मार्केटातच असतो, येऊन बसवून देईन.

विद्यापीठरोड_अनुजा

नातवाच्या लॅपटॉपबद्दल. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा चाचणीपुरता अँटीव्हायरस भरलेला येतो आणि तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसतो. तो पूर्ण अनइन्स्टॉल करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू दिसतोय ना हे बघा. तिथंच रॅन्समवेअरच्या भागात ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे, ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. एखादा खेळ अडला तर तेवढ्याला परवानगी देता येते. नातवाचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडं.

आणि हे पहिल्याच दिवशी करा: नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. पुढं कधी मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर चांगली धडधाकट डिस्कही उघडत नाही. खात्यात लॉगिन करून ती की दिसतेय का बघा, कागदावर उतरवा आणि पेन्शनच्या कागदांच्या फाइलीत लावून ठेवा.